‘मागे’ गेल्यावर दिसणारे कोरे पान : एका ब्राउझरचा आठ महिन्यांचा अनुभव

जुन्या मराठी नियतकालिकांतील लेखांची सूची तयार करण्याचे काम मी घरून करते. या कामात दिवसभर एकच क्रम चालू असतो. ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत शोध घ्यायचा, निकालांच्या यादीतली एक नोंद उघडायची, वर्ष, अंक आणि पृष्ठे टिपून घ्यायची आणि ‘मागे’च्या बाणावर टिचकी मारून पुन्हा यादीवर यायचे. असे शंभर-दीडशे वेळा तरी होते. त्यामुळे ब्राउझर किती वेगवान आहे किंवा दिसायला कसा आहे, यापेक्षा तो मला मागे नीट नेतो की नाही, हीच माझी पहिली कसोटी आहे. आठ महिन्यांपूर्वी मी नवा ब्राउझर घेतला. देवनागरी अक्षरे स्वच्छ दिसत होती, जोडाक्षरे कुठेही तुटत नव्हती, पंचवीस-तीस टॅब उघडे असतानाही माझा आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप अडखळत नव्हता. मात्र तिसऱ्या आठवड्यात मागे गेल्यावर पांढरेशुभ्र, कोरे पान दिसू लागले.

वर पत्ता बरोबर असे, टॅबवर पानाचे नावही बरोबर असे, पण खाली काहीच नसे. पान पुन्हा लोड केले की बहुतेक वेळा मजकूर परत येई, पण माझ्या कामात तेवढ्याने भागत नाही. काही तालिकांमध्ये शोधाचा फॉर्म पुन्हा पाठवायचा का, असा प्रश्न येतो, काहींमध्ये सत्राची मुदत संपलेली असते, आणि चाळिसाव्या निकालापर्यंत पोचलेली मी पुन्हा पहिल्या निकालावर येऊन पडते.

अशा वेळी सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे कॅशे (पाहिलेल्या पानांच्या साठवलेल्या प्रती) आणि कुकीज (लॉगिनसारख्या गोष्टी लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) पुसून टाका. मीही तेच केले. परिणाम असा झाला की चार तालिकांमधील माझे लॉगिन गेले, जतन केलेले दोन शोध गेले आणि कोरे पान मात्र जिथल्या तिथे राहिले. हा सल्ला या दुखण्याला का लागू पडत नाही, ते मला पुढे कळले. आपण ‘मागे’ जातो तेव्हा आजचे ब्राउझर बहुतेक वेळा पान नव्याने आणतच नाहीत. सोडून गेलेले पान ते जसेच्या तसे, त्यातल्या चालू प्रोग्रामसह, मेमरीत गोठवून ठेवतात आणि परतल्यावर तेच पुन्हा समोर मांडतात. याला बॅक-फॉरवर्ड कॅशे म्हणतात. फायरफॉक्समध्ये ही सोय २००५ साली १.५ या आवृत्तीत आली. क्रोममध्ये ती बरीच उशिरा आली, आधी २०२० साली अँड्रॉइडवर आणि नंतर २०२१ साली ९६व्या आवृत्तीपासून संगणकावर. डिस्कवर साठणारा नेहमीचा कॅशे आणि हा कॅशे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला पुसला तरी पुढच्याच टिचकीला दुसरा नव्याने भरतो.

त्यानंतर मी एक वही केली. कोरे पान दिसले की कोणते संकेतस्थळ, पुढच्या पानावर मी किती वेळ होते, खिडकीचा आकार बदलल्यावर काय झाले आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये तसेच होते का, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवायच्या. दोन आठवड्यांत तीसहून अधिक नोंदी झाल्या, आणि त्या वाचताना लक्षात आले की मी ज्याला एक बिघाड समजत होते ते तीन वेगळे बिघाड होते. दिसायला तिन्ही सारखेच पांढरे, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर करून मी पंधरा दिवस वाया घालवले होते.

पहिला बिघाड कोणत्याही संकेतस्थळावर, कधीही होई, आणि एखाद्या टॅबमध्ये व्हिडिओ चालू असेल तर हमखास होई. पान कोरे असले तरी त्यावरून माउस फिरवला की ठिकठिकाणी बाणाचा हात होई, म्हणजे लिंक जागेवर होत्या. खिडकी जराशी लहान-मोठी केली की सगळा मजकूर एकदम उमटे. पान आलेले होते, ते पडद्यावर रंगवले जात नव्हते. असे लक्षण दिसले की संशय ग्राफिक्सवर घ्यावा. मी सेटिंगमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्रे रंगवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय, बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू केला आणि त्या दिवसापासून हा प्रकार थांबला. पण त्याचीही किंमत होती. व्हिडिओचा भार प्रोसेसरवर पडू लागला आणि लॅपटॉपचा पंखा सतत घरघरू लागला. शेवटी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम) घेतला, ॲक्सिलरेशन पुन्हा चालू केले, आणि गेल्या पाच महिन्यांत तो बिघाड एकदाही दिसलेला नाही. ॲक्सिलरेशन बंद करणे हे निदानासाठी उत्तम आहे, कायमचा उपाय म्हणून मला ते पटत नाही.

एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रामांचा, संशयही मला आला होता, पण तो लवकर निवळला. खाजगी खिडकीत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, आणि उरलेली कोरी पाने तिथेही तशीच दिसत होती.

दुसऱ्या बिघाडाने मला सर्वांत जास्त छळले. तो फक्त जुनी पुस्तके विकणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळावर होई, आणि त्यातही एक विचित्र गोष्ट वहीत नोंदली गेली होती. एखाद्या पुस्तकाचे पान उघडून मी लगेच मागे आले तर यादी कोरी दिसे, पण मध्येच चहा करायला उठून अर्ध्या तासाने मागे आले तर यादी व्यवस्थित दिसे. खिडकीचा आकार बदलून काही होत नसे. माउसचा हात मात्र इथेही दिसे, आणि सगळे निवडून, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवले की पुस्तकांची संपूर्ण यादी तिथे उतरे. माझा भाचा वेबचे काम करतो. त्याने एफ-१२ दाबून पानाची रचना उघडली आणि म्हणाला, “मावशी, सगळं पान इथंच आहे, त्याची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, शून्यावर अडकली आहे.”

कारण असे होते. त्या संकेतस्थळावर लिंक दाबली की जुने पान हळूहळू विरत जाते आणि मग नवे पान येते. दिसायला ते सुबक आहे. पण ब्राउझर पानाला गोठवतो तो क्षण नेमका विरून गेल्यानंतरचा असतो. मागे आल्यावर ते त्याच अवस्थेत, पूर्ण पारदर्शक, समोर येते. पान उजळण्याची सूचना ‘लोड’ या, पान नव्याने पूर्ण आल्यावर घडणाऱ्या, घटनेला बांधलेली होती, आणि मेमरीतून परत आलेल्या पानासाठी ती घटना पुन्हा घडत नाही. त्या वेळी घडते ती ‘पेजशो’ नावाची घटना, आणि पान गोठवलेल्या अवस्थेतून आले आहे हे तिच्यासोबतच्या ‘पर्सिस्टेड’ या खुणेवरून कळते. अर्ध्या तासाने सगळे ठीक का दिसे, याचेही उत्तर यातच मिळाले. गोठवलेले पान ब्राउझर कायमचे जपत नाहीत, क्रोममध्ये ही मुदत साधारण १० मिनिटांची आहे. ती उलटून गेली की पान नव्याने आणले जाते, ‘लोड’ घडते आणि यादी उजळते. इतके दिवस मी ब्राउझरला दोष देत होते, पण तो आपले काम चोख करत होता.

त्या संकेतस्थळाच्या चालकांना मी हे सर्व सविस्तर लिहून कळवले. क्रोमच्या डेव्हलपर साधनांत ‘ॲप्लिकेशन’ विभागाखाली बॅक-फॉरवर्ड कॅशेची चाचणी घेता येते, हेही सोबत लिहिले. तीन आठवड्यांनी त्यांनी दुरुस्ती केली आणि उत्तरही पाठवले. ज्यांना असा अनुभव येत असेल त्यांनी ‘तुमचे संकेतस्थळ चालत नाही’ एवढेच न लिहिता, कोणत्या पानावरून कोणत्या पानावर गेल्यावर, किती वेळाने परतल्यावर आणि कोणकोणत्या ब्राउझरमध्ये हे घडते ते लिहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुरुस्ती करणाऱ्याला बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो काही करू शकत नाही.

तिसरा बिघाड अजून गेलेला नाही. एका ग्रंथालयाची नवी तालिका एकाच पानावर चालते. नोंद उघडली की नवे पान येत नाही, त्याच पानाचा मजकूर बदलतो आणि वरचा पत्ता प्रोग्राम स्वतः बदलतो. ‘मागे’ दाबले की पत्ता जुना होतो, पण जुनी यादी पुन्हा मांडण्याचे काम त्या प्रोग्रामने करायचे असते, आणि तो ते करत नाही. इथे माउस फिरवला तरी हात दिसत नाही, निवडायला मजकूरच नसतो, आणि दुसऱ्या दोन्ही ब्राउझरमध्ये हेच घडते. ब्राउझरची कोणतीही सेटिंग बदलून हे सुटणार नाही.

तिथे मी आता प्रत्येक नोंद कंट्रोल दाबून नव्या टॅबमध्ये उघडते, टिपण झाले की तो टॅब बंद करते, आणि यादी तिच्या जागी चाळिसाव्या निकालावर तशीच उघडी असते. एखादे मधले पान मागे जाण्याच्या वाटेत अडत असेल तर ‘मागे’चा बाण दाबून धरते, म्हणजे मागील पानांची यादी उघडते आणि हवे ते पान थेट निवडता येते. हा ब्राउझर मी बदललेला नाही, आणि सूचीचे पुढचे दोन खंडही त्यातच करायचे ठरवले आहे.