फांदी छाटायची: शिडीवर चढून की लांब दांड्याच्या करवतीने?

शिडीचा धोका नुसत्या उंचीत नसतो, टेकूतही असतो. ज्या फांदीला शिडी टेकवली तीच छाटली, तर वजन उतरताच उरलेला भाग वर उसळतो आणि शिडीचा आधार सुटतो. कापलेला तुकडाही नेहमी सरळ खाली पडत नाही. अर्धवट तुटून सालीला लोंबकळतो आणि झोका घेऊन शिडीवर आदळतो. त्यात एक हात करवतीत गुंतलेला. चेनसॉ घेऊन तर शिडीवर चढूच नये.

लांब दांड्याच्या करवतीने पाय जमिनीवर राहतात, म्हणून मनगटाएवढ्या जाडीपर्यंत हीच निवड योग्य. मात्र फांदीच्या थेट खाली उभं राहू नका, दांडा तिरका धरा. बुंध्यापासून साधारण 30 सेंमीवर आधी खालून पाव जाडीपर्यंत काप घ्या, मग 3-5 सेंमी पुढे वरून आरपार. खालचा काप टाळला तर साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. उरलेला खुंट फांदीच्या बुडाच्या फुगवट्याबाहेरून कापा. हेल्मेट आणि गॉगल दोन्ही प्रकारांत हवेतच; इथे तर भुसा थेट डोळ्यांत येतो.

दांडा जास्त फसवा ठरतो तो विजेच्या तारेजवळ, कारण त्याची पोच लांब. ॲल्युमिनियममधून वीज वाहते. फायबरचाही दांडा ओला किंवा मळका असला की भरवशाचा नाही. दांडा किंवा पडणारी फांदी तारेच्या 3 मीटरच्या आत जाणार असेल, तर काम वीजपुरवठा करणाऱ्यांकडेच सोपवा. उच्चदाबाच्या तारेला अंतर याहून जास्त लागतं.