नाना पेठेतले स्पेअर पार्ट: कुठल्या काउंटरवर थांबायचं

पुण्यात दुचाकीचा पार्ट हवा असेल तर नाना पेठ, हे गॅरेजवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. क्वार्टर गेटकडून आत शिरा, हेल्मेट-हॉर्न-सीट कव्हरची दुकानं मागे टाका, की खरी स्पेअरची दुकानं लागतात. पार्ट मिळतोच. तो आपल्या गाडीचा असतो का, एवढाच प्रश्न. पाटीवर किती कंपन्यांची नावं आहेत यावर जाऊ नका. काउंटरवरचा माणूस डबा काढण्याआधी काय विचारतो ते बघा.

साधी परीक्षा घ्या. "दादा, ॲक्टिव्हाचा सेल्फ लागत नाही, सेल्फचे कार्बन द्या." जाणकार लगेच विचारेल, "मॉडेल कुठलं? 5जी की 6जी?" कारण 5जी पर्यंत गाडीला कार्बोरेटर आणि स्वतंत्र स्टार्टर मोटर आहे, तिचे कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे ब्रश, झिजतात. 2020 ला बीएस-6 मध्ये आलेल्या 6जीला फ्युएल इंजेक्शन आहे आणि वेगळी स्टार्टर मोटरच नाही. क्रँकवरचा एसीजी, म्हणजे वीज बनवणारा जनरेटरच, इंजिन फिरवतो. तिथे कार्बनचा संबंध येत नाही, आधी बॅटरी आणि वायरिंग तपासायचं. न विचारता पुडी पुढे सरकवणाऱ्याकडून दुसरं काही घेऊ नका. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं, म्हणून आरसीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. 17 अक्षरी चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना त्यावर मिळतो, आणि एका मॉडेलमध्ये मधेच बदललेले पार्ट त्यावरूनच कळतात.

बेअरिंगसाठी बेअरिंगचंच दुकान गाठा. पुढच्या चाकाचं बेअरिंग घासून आवाज करायला लागलं की जुनं काढून बरोबर न्यायचं, कडेवर नंबर कोरलेला असतो. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: 00 म्हणजे 10 मिमी, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, आणि 04 पासून पुढे त्या आकड्याला पाचने गुणायचं. 6301 म्हणजे 12 × 37 × 12. नंबर पुसला असेल तर चांगला दुकानदार व्हर्नियर काढून मोजतो. डोळ्यांनी अंदाज करणाऱ्याला नमस्कार करून निघावं. पण नंबर जुळला म्हणून काम संपत नाही. पुढचं शेपूट महत्त्वाचं. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, 2आरएस म्हणजे रबरी सील. चाकाला 2आरएस हवं, नाहीतर एका पावसाळ्यात ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग पुन्हा ओरडायला लागतं. सी3 म्हणजे आत जरा जास्त ढिलाई. इंजिनात गरम होणाऱ्या जागी कंपनीने सी3 दिलं असेल तर साधं बसवू नये, गरम झाल्यावर ते आवळतं. "सगळं एकच असतं" हे वाक्य या रस्त्यावर बरंच ऐकू येतं, ते इथेच सर्वात महाग पडतं.

ऑइल सीलचंही तसंच: वर 30 × 42 × 7 असं लिहिलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

स्पार्क प्लगमध्ये हमखास घोळ होतो. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकतो, बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. म्हणून "नंबर तोच आहे, कंपनी वेगळी" म्हणणारा एक तर अजाण, नाहीतर माल खपवतोय. एनजीकेचा सीपीआर8ईए-9 घेतला तर सी म्हणजे 10 मिमीचा आटा (स्क्रूसारखे पेच), आर म्हणजे आत रेझिस्टर, 8 हा उष्णतेचा आकडा, ई म्हणजे 19 मिमी लांबीचा आटा, शेवटचा 9 म्हणजे 0.9 मिमी गॅप. ई च्या जागी एच असेल तर लांबी 12.7. आखूड आट्याच्या इंजिन हेडमध्ये लांब प्लग गेला तर पिस्टनला लागतो. उलट झालं तर रिकाम्या आट्यात कार्बन साचतो आणि पुढचा योग्य प्लग बसताना आटाच खातो.

हेडलाइटच्या बाबतीत आम्ही जरा कडकच आहोत. बल्ब असलेल्या दुचाकीत बहुतेक एचएस1, म्हणजे 35/35 वॅट. "जास्त उजेड पडेल" म्हणून चारचाकीचा 60/55 वॅटचा एच4 देणारे कमी नाहीत, बल्बचे कान घासून तो बसवूनही देतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो.

या बाजाराचा खरा फायदा सुट्या बारीक पार्टमध्ये आहे. पुढचा डिस्क ब्रेक जाम होत असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये अनेकदा अख्खा कॅलिपरच बदलायला सांगतात. इथे सील किट मिळतं: प्रत्येक पिस्टनला एक चौकोनी सील, एक डस्ट सील. किट देताना जो रबर ग्रीसची पुडीही पुढे करतो आणि साधं ग्रीस लावू नका म्हणून बजावतो, तो काउंटर धरून ठेवावा. पेट्रोलियम ग्रीसने ते सील फुगतात, ब्रेक पुन्हा धरून ठेवतो. ब्रेक फ्लुइड टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या. डॉट 3, डॉट 4 आणि 5.1 ग्लायकॉलची, डॉट 5 सिलिकॉनचं. नावं जवळची असली तरी डॉट 5 बाकीच्यांत मिसळायचं नाही. डबी फोडलेली असेल तर फुकटही नको, ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं.

इंजिन तेलाच्या डब्यावर जॅसो हे जपानी मानक बघा. गिअरच्या गाडीला एमए किंवा एमए2, कारण क्लच तेलात बुडालेला असतो. स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून एमबी. एमबी बाइकमध्ये घातलं तर क्लच घसरू शकतो, आणि मग माणूस विनाकारण क्लच प्लेटच्या किटला पैसे घालतो. चेन किंवा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) सुटं मागणाऱ्याला "सेटच घ्या" म्हणणारा लुटत नसतो. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर ताणली जाते. 428 आणि 428एच यांचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, एकच, 12.7 मिमी, एचच्या पट्ट्या जाड असतात.

ओरिजिनल की लोकल, हा वाद दोघांपुरता नाही. मधला प्रकार सर्वात कामाचा: कंपनीला माल पुरवणाऱ्याचाच, पण त्याच्या स्वतःच्या डब्यातला पार्ट. छत्रपती संभाजीनगरच्या एंड्युरन्स आणि व्हॅरॉक अशाच, त्यांचा माल इथे मिळतो. वाहन कंपनीच्या डब्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतो. "कंपनीचाच आहे, फक्त डबा नाही" असं म्हणत सुटा दिलेला पार्ट मात्र घेऊ नये. डब्यावर पार्ट नंबर, एमआरपी आणि पॅकिंगचा महिना नसेल तर तो सरळ परत.

चारचाकी घेऊन पेठेत शिरू नका, पार्किंगसाठी फिरण्यातच तास जाईल. सकाळी गॅरेजची पोरं लांबलचक याद्या घेऊन उभी असतात, तेव्हा तुमच्या एका सीलकडे कुणी बघणार नाही. गर्दी ओसरली की तोच माणूस कॅटलॉग उघडून बसतो. पैसे देण्याआधी परतीचं विचारा. इलेक्ट्रिकल पार्ट, म्हणजे सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा), कॉइल, रेग्युलेटर, बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, म्हणून आधी मल्टिमीटरने जुनाच गेलाय याची खात्री करून यावं. बाकीचं न बसवता, डब्यासकट आणलं तर बदलून मिळतं, पण पक्कं बिल असेल तरच. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. 28 लावलेला दिसला तर तिथेच बोट ठेवा, आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.