आयपीओआधीचा शेअर आणि छापील सर्टिफिकेट

ओळखीतलाच कुणीतरी येतो. अमुक कंपनी ‘पब्लिक लिमिटेड’ आहे, वर्षभरात आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) येतोय, आज ८० रुपयांना मिळणारा शेअर तेव्हा ३०० वर जाईल, असं सांगतो. सोबत कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवतो. ते बहुतेक वेळा खरं असतं, म्हणूनच लोक बळी पडतात.

पब्लिक लिमिटेड कंपनी काढायला किमान सात भागधारक आणि तीन संचालक लागतात. एका घरातल्या माणसांनीही हा आकडा पुरा होतो. तिचे शेअर बाजारात विकले जातातच असं नाही. लेटरहेडवरचा २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, बघा: सुरुवात ‘यू’ने आणि मध्ये ‘पीएलसी’ म्हणजे पब्लिक, पण बाजारात नोंद नसलेली. नोंद असेल तर पहिलं अक्षर ‘एल’. ‘पीटीसी’ दिसलं तर ती प्रायव्हेट. तिला जनतेकडे शेअर विकायला जाताच येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक ताडून पाहता येतो.

पैसे दिल्यावर हातात येतं ते जाड कागदावरचं, सोनेरी किनारीचं, फोलिओ नंबर आणि शिक्का असलेलं शेअर सर्टिफिकेट. इथेच थांबायला हवं. २ ऑक्टोबर २०१८ पासून बाजारात नोंद नसलेल्या पब्लिक कंपनीलाही नवे शेअर डीमॅटमध्येच, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यातच, द्यावे लागतात. विकणाऱ्याच्या ॲपवर आकडा दिसला म्हणजे शेअर मिळाले असंही नाही. डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांच्या स्टेटमेंटमध्ये ते दिसले पाहिजेत.

खऱ्या आयपीओत पैसे कुणाला पाठवायचे नसतात, वाटप होईपर्यंत ते तुमच्याच खात्यात अडकवून ठेवले जातात. खासगी वाटपात, म्हणजे कंपनी निवडक लोकांनाच शेअर देते तेव्हा, तुमच्या नावाचं ऑफर लेटर येतं, रक्कम तुमच्या बँक खात्यातून कंपनीच्या वेगळ्या खात्यात जाते. रोख चालत नाही, आणि एजंटच्या यूपीआयवर तर मुळीच नाही. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, तेही झालं नाही तर साठाव्या दिवसानंतरचं वार्षिक १२ टक्के व्याज. एका आर्थिक वर्षात अशी ऑफर २०० जणांपलीकडे गेली की तो सार्वजनिक इश्यू ठरतो. सहारा प्रकरणाच्या काळी ही मर्यादा ५० जणांच्या आत होती आणि सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी लाखो लोकांना रोखे विकून त्याला खासगी वाटप म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी १५ टक्के व्याजासह पैसे परत करायला सांगितले.

आणखी एक गोष्ट विकणारे कधीच सांगत नाहीत: आयपीओ खरोखर आला, तरी आधी घेतलेले शेअर सर्वसाधारणपणे सहा महिने विकता येत नाहीत.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. बाजारात नोंद नसलेल्या कंपनीची तक्रार कंपनी निबंधकाकडे द्या. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचं स्कोअर्स हे तक्रार पोर्टल मुख्यतः बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी आहे. बँक स्टेटमेंट, ऑफर लेटर, चॅट आणि सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजूंच्या प्रती जोडा. सर्टिफिकेट ‘दुरुस्तीसाठी’ परत मागितलं तरी मूळ प्रत देऊ नका.