सर्व्हरची रॅम स्वस्तात मिळतेय? पैसे देण्याआधी त्यावरचा स्टिकर काढायला लावा

पुण्यातल्या एका दुकानात घरच्या सर्व्हरसाठी रॅम आणि हार्डडिस्क घेताना माझ्यासोबत जे झालं ते लिहितोय. दुकानाचं नाव घेत नाही कारण प्रकरण अजून चालू आहे. पण ट्रिक काय आहे ते नीट समजून घ्या, कारण ती एकाच दुकानाची असेल असं मला वाटत नाही.

सेटअप असा आहे की घरी एक रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि बी५५० मदरबोर्डचा डेस्कटॉप आहे, त्यावर ट्रूनॅस (घरच्या फाइल सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलंय, घरातल्या सगळ्यांचे फोटो, आईचे मेडिकल रिपोर्ट, बाबांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेली भजनं, सगळं त्यावरच. रॅम १६ जीबी होती ती ६४ करायची होती आणि दोन डिस्क वाढवायच्या होत्या. झेडएफएस (ट्रूनॅसची डिस्कवर डेटा ठेवायची पद्धत) वापरताना ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी रॅम असली तर बरी (नसली तरी चालतं, यावरून लोक एकमेकांची डोकी फोडतात, त्यात मी पडत नाही). ५६०० वर ईसीसी चालते, बोर्डाने साथ दिली तर. ५६००जी वर नाही चालत, हे ज्यांच्याकडे जी वाला प्रोसेसर आहे त्यांनी लक्षात ठेवा. माझ्या बोर्डच्या मॅन्युअलमध्ये अनबफर्ड (घरच्या मशीनची साधी, मध्ये वेगळी चिप नसलेली) ईसीसी चालते असं स्पष्ट छापलंय.

आता रॅमचे भाव तुम्हाला माहितीच आहेत. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलायला सुरुवात केली आणि साध्या माणसाला रॅम घेणं नको झालं, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशात कोणी डीडीआर४ ईसीसी जवळपास निम्म्या भावात देतो म्हटल्यावर कान टवकारणारच.

मी व्हॉट्सॲपवर अगदी शब्द न शब्द लिहून विचारलं होतं, डीडीआर४, अनबफर्ड, ईसीसी, ३२ च्या दोन स्टिक, आणि खाली बोर्डचा मॉडेल नंबर. उत्तर आलं, "हो सर मिळून जाईल, सर्व्हर ग्रेड, टेस्टेड." दुकानात गेलो तर शेठने लगेच टेस्ट करून दाखवली. काउंटरच्या मागे, खाली पाटावर एक उघडा बोर्ड ठेवलेला, त्यात स्टिक लावली, स्क्रीनवर मेमटेस्ट चालू, ६४ जीबी दिसतंय, ईसीसी ऑन दिसतंय. "ईसीसीच आहे साहेब, बघा डोळ्यांनी." आणि खरंच ईसीसीच होती. टेस्टही खरी होती. सगळं खरंच होतं, फक्त तो खालचा बोर्ड झिऑनचा, म्हणजे इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचा होता आणि ते काउंटरच्या अलीकडून दिसत नव्हतं.

बिल पक्कं पाहिजे म्हटलं तर "१८ टक्के वेगळे लागतील" हे आलंच. दिले.

घरी लावलं तर डिस्प्लेच नाही. बोर्डवरचा डीरॅमचा दिवा पेटून बसला. एकच स्टिक लावून पाहिली, स्लॉट बदलले, सीमॉस क्लिअर केलं, बायोस अपडेट केलं, काही नाही. जुनी रॅम लावली की मशीन सुरू. दुकानात फोन केला तर पलीकडून एका सेकंदात उत्तर, जणू तयारच होतं: "सर, रॅम ओके आहे, तुमच्यासमोर टेस्ट केली, तुमचा बोर्ड कम्पॅटिबल नाही." म्हटलं बोर्डचा नंबर तर मी आधीच पाठवला होता. त्यावर "या तुम्ही, काहीतरी ॲडजस्ट करू."

हे ॲडजस्ट म्हणजे काय ते नीट बघा. पैसे परत नाहीत. पण ती रॅम ठेवायची आणि तिला "मॅच होणारा" बोर्ड आणि प्रोसेसर दुकानातूनच घ्यायचा, एक्स९९ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य कंट्रोल चिप) बोर्ड आणि झिऑन ई५-२६८० व्ही४, "१४ कोअर साहेब, तुमच्या रायझनचा बाप", कॉम्बोमध्ये स्वस्त लावतो वगैरे. रॅमचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस अजून पंधरा-वीस हजार टाकतो. चुकीची रॅम देणं हा त्यांचा गोंधळ नव्हताच, ती गळाला लावलेली अळी होती.

मी दुकानात गेलो आणि तिथेच काउंटरवर स्टिकचा स्टिकर काढला. दुकानाचा स्वतःचा पिवळा वॉरंटी स्टिकर, त्यावर तारीख आणि "काढल्यास वॉरंटी रद्द" असा शिक्का, आणि तो बरोब्बर कंपनीच्या लेबलच्या मधोमध चिकटवलेला. नखाने सोलायला लागलो तसा पोरगा ओरडला "सर वॉरंटी जाएगी", म्हटलं जाऊ दे. खाली लेबलवर छापलं होतं, ३२ जीबी, टू आर बाय फोर, पीसी४-२४००टी आणि डॅशनंतर इंग्रजी आर. हा आर म्हणजे रजिस्टर्ड, मध्ये रजिस्टर नावाची वेगळी चिप असलेली सर्व्हरची रॅम. तिथे यू असेल तर साधी अनबफर्ड, ई असेल तर अनबफर्ड ईसीसी, जी मला पाहिजे होती, आणि एल असेल तर लोड रिड्यूस्ड. आर आणि एल फक्त सर्व्हर आणि काही वर्कस्टेशनच्या बोर्डांवर चालतात, घरच्या रायझन किंवा कोअर आय५ च्या बोर्डवर डिस्प्लेसुद्धा येणार नाही. स्टिकर फक्त तेवढंच अक्षर झाकत होता. दोन्ही स्टिकवर, त्याच जागी.

लेबल फाटलेलं असेल तरी ओळखता येतं. रजिस्टर्ड स्टिकच्या बरोबर मध्यभागी, मेमरी चिपांहून वेगळी दिसणारी एक चिप असते, तोच तो रजिस्टर. अनबफर्डमध्ये ती नसते. हीटसिंक लावून झाकलेली असेल तर अजूनच सावध राहा, सर्व्हरच्या रॅमला असले रंगीत पत्रे सहसा कोणी लावत नाही. आणि स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालेल असं डीडीआर४ मध्ये मुळीच नाही, दोन्ही प्रकार २८८ पिनचे आणि खाचही एकाच जागी, अगदी आरामात बसते. डीडीआर५ मध्ये खाचेची जागा वेगळी केली आहे त्यामुळे तिथे निदान बसतच नाही, पण आपल्यापैकी बहुतेकांची जुनी मशीन्स डीडीआर४ चीच आहेत आणि हे दुकानदारही तेच जाणून आहेत.

हे सगळं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर बी विंगमधल्या एका काकांचा फोन आला, त्यांचं क्लिनिक आहे, त्यांच्याबरोबर हेच झालं होतं, त्याच दुकानात, फक्त त्यांनी तो कॉम्बो घेतला होता. रविवारी जाऊन त्यांचं मशीन बघितलं. बोर्डवर आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात एक्स९९, पण लिनक्सच्या यूएसबीने चालू करून डिव्हाइसची यादी काढली तर चिपसेट निघाला क्यू८७, जुन्या ऑफिसच्या डेस्कटॉपमधला. चीनमधून येणाऱ्या अशा बऱ्याच बोर्डांवर जुन्या भंगार बोर्डांमधले चिपसेट काढून लावलेले असतात, क्यू८७, बी८५, एच८१, काहीही. चालतात, नाही असं नाही, स्वतःच्या हिमतीवर माहिती काढून वापरणारे लोक आहेत. पण बायोसचे अपडेट विसरा. शिवाय ई५ झिऑनला इनबिल्ट ग्राफिक्स नसतं, म्हणून काकांना नंतर एक जुनं ग्राफिक्स कार्ड विकलं, मग त्या सॉकेटचा कूलर वेगळा म्हणून कूलर, मग एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) सीपीयूची वायर कमी म्हणून एसएमपीएस. ३२ जीबी रॅम वाढवायला गेलेला माणूस अख्खं मशीन घेऊन आला आणि तेही २०१६ च्या प्रोसेसरचं. वीज वेगळीच, चोवीस तास चालणाऱ्या मशीनने ५० वॉट जास्त खाल्ले की महिन्याला ३६ युनिट वाढतात. काकांकडे बिल नाही, फक्त "एस्टिमेट" लिहिलेला कागद.

आता डिस्कचं. त्या मी रॅमबरोबर त्याच दिवशी घेतल्या होत्या, ८ टीबीच्या दोन, सीगेटच्या, "नवीन ओईएम, पॅक पीस", अँटीस्टॅटिक पिशवीत सील केलेल्या. रॅमचं हे असं झाल्यावर डिस्कवरही संशय आला. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क किती तास चालली ते बघितलं तर ३ आणि ४. एकदम नवीन. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा एक दुसरा लॉग असतो, आणि स्मार्ट झिरो करणाऱ्यांना तो पुसायचं बरेचदा सुचत नाही. स्मार्टमॉनटूल्सचं ७.४ किंवा नंतरचं व्हर्जन असेल तर स्मार्टसीटीएल कमांडमध्ये डॅश एल देऊन पुढे फार्म लिहायचं. माझ्या एका डिस्कवर निघाले २१ हजारांवर तास आणि दुसरीवर त्याहून थोडे जास्त, म्हणजे जवळपास अडीच वर्षं कुठेतरी अखंड फिरलेल्या डिस्क. मग चष्मा लावून बघितलं तर स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे, साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर प्लग घालून काढल्याच्या रेघा. सीगेटच्या साइटवर सिरियल नंबर टाकला तर वॉरंटी ग्राहकाला नाहीच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत हाइजे या माध्यमाने असंच प्रकरण बाहेर काढलं होतं, नवीन म्हणून विकलेल्या सीगेटच्या डिस्क हजारो तास वापरलेल्या निघाल्या, आणि त्या चिया नावाच्या क्रिप्टोच्या फार्ममधून आल्या असाव्यात असं समोर आलं, ते चलन २०२१ मध्ये जोरात होतं आणि त्याला हार्डडिस्कच लागतात. जुनी डिस्क जुनी म्हणून विकली तर माझी काहीही हरकत नाही, मी स्वतः अशा घेतल्यात, पण मग भावही तसा लावा ना.

दुकानात परत गेलो तर बिलामागचा शिक्का दाखवला, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हा शिक्का बघून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्हॉट्सॲपवरचं "अनबफर्ड" लिहिलेलं संभाषण, लेबलचा फोटो, यूपीआयची पावती, सगळं जोडलं. रॅमचे पैसे आले. जीएसटीसकट आले, शेठ फोनवर म्हणाला "साहेब एवढ्यासाठी कशाला तक्रार, सांगायचं ना." सांगितलंच होतं की, काउंटरवर उभं राहून.

डिस्कचे मात्र अडकलेत, कारण बिलात फक्त "८ टीबी एचडीडी, २ नग" एवढंच आहे, सिरियल नंबर नाही, आणि आता तो म्हणतोय या डिस्क आमच्या नाहीतच. त्यामुळे बिल करताना सिरियल नंबर लिहूनच घ्या, रॅमच्या बिलावर "अनबफर्ड" किंवा "यूडिम" (त्याचंच दुसरं नाव) हा शब्द लिहून घ्या, आणि "माझ्या बोर्डवर चालली नाही तर पैसे परत" हे एक वाक्य व्हॉट्सॲपवर का होईना पण त्याच्याकडून येऊ द्या. टेस्ट दाखवली तर कोणत्या बोर्डवर दाखवतोय ते वाकून बघा, किंवा सरळ आपलं मशीन घेऊन जा, रिक्षाला शंभर रुपये जास्त जातील. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) मी वर्षानुवर्षं खरेदी करतोय, तिथे असे दुकानदार आहेत जे आपणहून म्हणतात की ही नका घेऊ, तुमच्यात चालणार नाही, त्यामुळे सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

डिस्कसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. काकांना पण बरोबर घेतलंय, त्यांच्याकडे कच्चा कागद असला तरी पैसे यूपीआयने दुकानाच्या खात्यात गेलेत, ते स्टेटमेंट बँकेतून काढून घेतलंय.