आयतालेख की बॉक्स प्लॉट, सरासरी की मध्यक?

हातात दोनशे-तीनशे आकडे आहेत. अहवालात त्यांचं एकच चित्र बसणार आहे, शेजारी फार तर दोन संख्या. काय निवडायचं? प्रबंध लिहिणारे, शाळेचा निकाल मांडणारे शिक्षक, आरोग्य सर्वेक्षण करणारे सगळेच इथे अडतात आणि बहुतेक जण सॉफ्टवेअर जे आधी पुढे करेल ते उचलतात. माझं मत आधीच सांगतो: गट एकच असेल तर आयतालेख (हिस्टोग्राम, म्हणजे आकड्यांचे वर्ग पाडून प्रत्येकात किती नोंदी आहेत ते दाखवणारे स्तंभ), गट पाच-सहा किंवा जास्त असतील तर बॉक्स प्लॉट (मधल्या निम्म्या नोंदींची एक पेटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना रेघा). पण बॉक्स प्लॉट काढणाऱ्याने प्रत्येक गटाचा आयतालेख निदान स्वतःपुरता तरी पाहिलेला असावा.

असं म्हणायला कारण आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गीझर आहे, ठरावीक काळाने उसळणारा गरम पाण्याचा झरा. दोन उसळ्यांमध्ये किती मिनिटं गेली याच्या 272 नोंदी 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आयत्या मिळतात आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांच्या त्या फार आवडत्या आहेत. सर्वांत कमी वेळ 43 मिनिटं, सर्वांत जास्त 96. सरासरी 70.9, मध्यक (नोंदी क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारी) 76, पहिला चतुर्थक (जिथे खालच्या पाव नोंदी संपतात) 58, तिसरा (जिथून वरच्या पाव नोंदी सुरू होतात) 82, प्रमाण विचलन (नोंदी सरासरीपासून किती पसरल्या आहेत याचं माप) साधारण 13.6.

याचा बॉक्स प्लॉट काढला तर पेटी 58 पासून 82 पर्यंत येते, आत 76 वर रेघ, दोन्ही बाजूंच्या मिशा, म्हणजे पेटीबाहेरच्या रेघा, 43 आणि 96 पर्यंत. चतुर्थकांमधल्या अंतराच्या दीडपटीपलीकडे एकही नोंद जात नाही, म्हणजे वेगळा पडलेला ठिपकाही नाही. चित्र अगदी शहाण्यासारखं दिसतं. पेटीचा मधला बिंदू 70 आहे, सरासरीही 70.9, तेव्हा पाहणारा साहजिकच धरून चालतो की गर्दी सत्तरीच्या आसपास असणार.

आता पाच-पाच मिनिटांचे वर्ग करून आयतालेख काढा. 50 ते 55 मध्ये 33 नोंदी. मग स्तंभ उतरत जातात आणि 65 ते 70 मध्ये फक्त 10 उरतात. पुढे पुन्हा चढण: 75 ते 80 मध्ये 54, 80 ते 85 मध्ये 55. दोन टेकड्या आणि त्यांच्यामध्ये दरी. जिथे गर्दी असेल असं वाटलं, तिथेच वस्ती विरळ! उसळी थोडा वेळ टिकली तर पुढची लवकर येते, लांबली तर पुढचीला वेळ लागतो. उद्यानातले लोक पुढच्या उसळीची वेळ सांगतात तीही आधीची किती टिकली हे बघून. या झऱ्याबद्दलची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट बॉक्स प्लॉटने सफाईने गिळली, कारण सर्वांत लहान, सर्वांत मोठी, मध्यक आणि दोन चतुर्थक या त्याच्या पाच संख्यांमध्ये टेकड्या मोजायची सोयच नसते.

म्हणून आयतालेख निर्दोष ठरतो असं मात्र नाही. त्याच 272 नोंदींचे वीस-वीस मिनिटांचे वर्ग केले तर 40 ते 60 मध्ये 83, 60 ते 80 मध्ये 105 आणि 80 ते 100 मध्ये 84 येतात. मधोमध उंच, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी अशी एकच देखणी टेकडी! आकडे तेच, फक्त वर्गांतर बदललं. उलट एकेका मिनिटाचा वर्ग केला तर कंगव्यासारखे दाते दिसतात आणि आकार हरवतो. यावर उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: दोन-तीन वर्गांतरं घेऊन बघा आणि जे वैशिष्ट्य सगळ्यांत टिकतं त्यावरच बोला. आणखी एक बारीक गोष्ट. 'आर' काही न सांगता वर्गाची वरची मर्यादा त्याच वर्गात धरतं. वरचे आकडे तसेच आहेत. शाळेत आपण बरोबर 50 आले की ते 50 ते 55 मध्ये घालतो. नोंदी पूर्ण मिनिटांत असल्या की या फरकाने स्तंभांची उंची बदलते.

मग बॉक्स प्लॉट कशाला? तर शेजारी शेजारी ठेवायला. बारा महिन्यांचं तापमान किंवा दहा तुकड्यांचे गुण दाखवायचे असतील तर दहा-बारा आयतालेख कोणी वाचत नाही; बारा पेट्या एका नजरेत कळतात. कोणता गट वर, कोणता जास्त पसरलेला, कुठे एखादं मूल्य फटकून आहे, हे त्यात जितकं पटकन दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी 1970 च्या दशकात तो रूढ केला तेव्हा आलेख हातानेच काढावे लागत, हेही त्याच्या साधेपणाचं एक कारण. मूल्यं वीसेकच असतील तर दोन्ही सोडा आणि एका रेषेवर सरळ ठिपके मांडा. स्टेम-अँड-लीफ, म्हणजे डावीकडे दशक आणि पुढे ओळीने एककाचे अंक लिहिणं, कागदावर पटकन होतं आणि त्यात मूळ आकडेही शाबूत राहतात. जपानी रेल्वेची वेळापत्रकं अशीच असतात, डावीकडे तास आणि पुढे ओळीने मिनिटं. अहवालात मात्र ते आता क्वचितच शोभतं.

संख्यांच्या निवडीत लोक एक नियम पाठ करतात: आकडे एका बाजूला ओढलेले असतील तर मध्यक द्या. नियम बरा आहे, पण अपुरा. 2005 च्या 26 जुलैला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. या एका नोंदीने त्या महिन्याच्या रोजच्या सरासरीत एकटीने 30 मिलिमीटरची भर घातली, कारण 944 भागिले 31 साधारण तेवढेच होतात. मध्यकाला मात्र ती नोंद 944 आहे की 94, याने काही फरक पडत नाही. 'जुलैतला नेहमीचा दिवस कसा होता?' या प्रश्नाला मध्यकच बरा. पण प्रश्न तलावात किती पाणी आलं किंवा नाल्यांतून किती वाहून न्यावं लागलं असा असेल, तर मध्यक निरुपयोगी. सरासरीला दिवसांच्या संख्येने गुणलं की एकूण पाऊस मिळतो, मध्यकातून तो मिळत नाही. तेव्हा आकड्यांच्या आकाराइतकंच तुम्हाला एकूण बेरीज हवी आहे की नेहमीचं माणूस, नेहमीचा दिवस हवा आहे, हेही बघा. पगाराच्या बाबतीतही तेच: कर्मचारी मध्यक मागेल, कंपनीचा हिशेबनीस सरासरी.

पसरण सांगताना जोड्या मोडू नयेत. सरासरीसोबत प्रमाण विचलन, मध्यकासोबत चतुर्थक. प्रमाण विचलनात सरासरीपासूनचं प्रत्येक अंतर स्वतःशीच गुणलं जात असल्याने एकच दूरचं मूल्य त्याला फुगवतं, त्यामुळे ते एका टेकडीच्या, साधारण समतोल आकड्यांनाच शोभतं. झऱ्याच्या आकड्यांना दोन्ही जोड्या शोभत नाहीत. सरासरीच्या अलीकडे-पलीकडे एक प्रमाण विचलन घेतलं तर 57 ते 84.5 असा पट्टा येतो, ज्यात सगळी दरी आहे आणि धाकटी टेकडी बरीचशी बाहेर. तिथे उसळ्यांचे दोन गट करून प्रत्येकाचे आकडे वेगळे द्यावेत.

चतुर्थक दिलेत तर ते कसे काढले तेही एका ओळीत लिहा. 1 ते 8 हे आठ आकडे घ्या: पहिला चतुर्थक एक्सेलच्या एका सूत्राने 2.75 येतो, दुसऱ्याने 2.25, आणि खालच्या अर्ध्या भागाचा मध्यक काढायच्या पद्धतीने 2.5. तिन्ही बरोबर आहेत, पण मार्गदर्शकांनी वेगळी पद्धत वापरून पडताळणी केली की चूक तुमचीच ठरते.