आरएल ८८ लसूणघासाचे प्रमाणित बियाणे : अमरवेलीच्या अनुभवानंतर

तीन गाईंच्या चाऱ्यासाठी आम्ही दहा गुंठे लसूणघास करतो. पूर्वी एकदा आठवडे बाजारातून सुटे बी आणले आणि दुसऱ्याच कापणीला घासावर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे दिसू लागले. ती होती अमरवेल, म्हणजे दुसऱ्या झाडावर जगणारी परजीवी वेल. तिला पाने नसतात. घासाचा देठ सापडला की तिचे जमिनीतले मूळही सुकते आणि पुढचे सारे पोषण ती घासातूनच शोषते. विळ्याला अडकलेला तिचा तुकडा पुढच्या वाफ्यात पडला, तर तिथेही ती धरते. वर्षभरात तो घास मोडावा लागला.

म्हणून गेल्या कार्तिकात नव्या तुकड्यात, महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या आरएल ८८ या बहुवार्षिक वाणाचे निळ्या टॅगचे प्रमाणित बियाणे, एकरी १० किलोच्या हिशेबाने अडीच किलो पेरले. किंमत सुट्या बियाण्याच्या जवळपास दीडपट पडली. पेरण्यापूर्वी मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून पाहिले. घासाचे बी पिवळसर व गुळगुळीत असते, तर अमरवेलीचे करड्या-तपकिरी रंगाचे व खरखरीत; मात्र आकारमान इतके जवळचे की साध्या चाळणीवर पूर्ण विसंबता येत नाही. मला त्या मुठीत तसा एकही दाणा सापडला नाही. प्रमाणीकरणात अमरवेलीला आक्षेपार्ह तण मानून बीजोत्पादनाचे शेत आणि बियाणे दोन्ही तपासतात, त्याचे हे फळ आहे असे मी मानतो.

आतापर्यंत सात कापण्या झाल्या. बांधालगत एकदाच हातभर वेल दिसली, ती फुलण्याआधी घासासकट कापून शेताबाहेर जाळली. ती बहुधा शेणखतातून आली असावी, कारण जनावराच्या पोटातूनही तिचे बी जिवंत बाहेर पडते.

तक्रार आहे ती विक्रीबद्दल. दुकानदाराने आधी हिरव्या टॅगची सत्यप्रत पिशवी "तेच आहे" म्हणून पुढे केली. सत्यप्रत बियाण्याची हमी उत्पादक स्वतःच देतो, प्रमाणीकरण यंत्रणा नव्हे. हा फरक दोन-तीन किलो बी घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला काउंटरवरच सांगायला हवा.

जुन्या तुकड्यात मात्र हे बियाणेही उपयोगाचे नाही, कारण अमरवेलीचे बी जमिनीत दहा वर्षांहून अधिक काळ टिकू शकते. तिथे आम्ही सध्या ज्वारी आणि मका घेतो. या पिकांवर ती जगत नाही.