रिलीजवर वेळेचा शिक्का: टीएसए की ओपनटाइमस्टँप्स?

सॉफ्टवेअरचं रिलीज अमुक तारखेला अस्तित्वात होतं, हे पुढे दाखवता यावं म्हणून त्यावर वेळेचा शिक्का घेतात. मार्ग दोन: टीएसए, म्हणजे वेळेवर सही करून देणारी टाइमस्टँपिंग ऑथॉरिटी, आणि बिटकॉइनच्या चेनमध्ये नोंद करणारं ओपनटाइमस्टँप्स. आरएफसी ३१६१ (त्याचं इंटरनेट मानक) वाला टीएसए वापरायला सुटसुटीत. फाइलचा हॅश (मजकुरातून काढलेला ठसा) पाठवला की सही केलेलं उत्तर लगेच हातात, वेळ सेकंदापर्यंत, आणि तपासायला ओपनएसएसएल हे कमांडलाइन साधन पुरतं. टेंडर किंवा कोर्टकचेरीसाठी शिक्का हवा असेल तर परवानाधारक सर्टिफाइंग ऑथॉरिटीचाच घ्यावा, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

गोची होते ती काही वर्षांनी. ओपनएसएसएल टीएसएचं सर्टिफिकेट आजच्या तारखेला तपासतं आणि 'एक्सपायर्ड' म्हणून हात वर करतं. '-अटटाइम' या पर्यायाला जुनी वेळ युनिक्स सेकंदांत (१९७०पासून मोजलेल्या) दिली की गाडी पुढे सरकते, पण क्वेरी (शिक्क्याची विनंती) बनवताना '-सर्ट' पर्याय द्यायचं राहिलं असेल तर सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट उत्तरात नसतंच. मग इंटरमीजिएट (मधल्या ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट) शोधा, त्या वेळची सीआरएल (रद्द सर्टिफिकेटांची यादी) शोधा. हे सगळं रिलीजच्या दिवशीच जपून ठेवायला हवं होतं; ठेवतं कोण? माझं पारडं ओपनटाइमस्टँप्सकडे फिरलं ते इथेच.

ओपनटाइमस्टँप्समध्ये फाइलच्या हॅशला १६ बाइटांचा रँडम नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) जोडून पुन्हा हॅश होतो, त्यामुळे कॅलेंडर सर्व्हरला (हॅश गोळा करून बिटकॉइनमध्ये नोंदवणाऱ्याला) मूळ हॅश कळत नाही. 'स्टँप' केल्यावर मिळणारी ओटीएस फाइल मात्र पुढे नोंद करण्याचा नुसता वायदा असते. तीच रेपोत (कोडच्या साठ्यात) कमिट केली आणि पुढे कॅलेंडर बंद पडलं, तर हाती काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन) 'अपग्रेड' चालवावं आणि 'इन्फो'त बिटकॉइन ब्लॉकची नोंद दिसल्यावरच कमिट करावं. त्यानंतर कॅलेंडर राहो न राहो. कॅलेंडर फार तर नोंद हरवेल, मागची तारीख घालू शकणार नाही. टीएसएची सहीची गुप्त की चोरीला गेली तर चोर हवी ती तारीख घालेल.

किंमत मोजावी लागते ती तपासताना. प्रून केलेला (जुने ब्लॉक पुसत जाणारा) बिटकॉइन नोड चालतो, ५५० एमबीवरही, पण आधी अख्खी चेन उतरवावीच लागते. नोड टाळून मर्कल रूट (ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा एकत्र हॅश) ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉक दाखवणाऱ्या साइटवर) जुळवला तर भरवसा त्या साइटवर. निदान दोन साइट पाहाव्यात. शिवाय ब्लॉकची वेळ काटेकोर नसते: मागच्या ११ ब्लॉकच्या मीडियनपेक्षा (क्रमाने मधल्या वेळेपेक्षा) पुढची आणि तपासणाऱ्या नोडच्या घड्याळापेक्षा फार तर २ तास पुढे, एवढंच बंधन. म्हणून तारखेपुरतंच धरावं. सेकंद महत्त्वाचे असतील तर टीएसए बरा.

एक मात्र पाहावं: आधी जीपीजी सही (आपल्या कीने केलेली), मग शिक्का, आणि तो टारबॉलवर (रिलीजच्या गठ्ठ्यावर) नव्हे, सहीच्या एएससी फाइलवर. उद्या सहीची की फुटली तरी ही सही त्याआधीची, हे दाखवता येतं.